कारंजा आणि सांताक्रूझ : हयात रचनाकारांची दोन गावे

वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाला चार वेशी आहेत : दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस आणि दिल्ली वेस. तीन वेशींना आसपासच्या गावांची नावे मिळाली; चौथीने मात्र एकदम दिल्ली गाठली. एवढ्या एका नावावरूनही जुन्या कारंज्याच्या व्यापाराचा आवाका ध्यानी यावा. पुढे इंग्रजी अमदानीत मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे आली, जिला सारा वऱ्हाड लाडाने शकुंतला म्हणतो. तीही कारंज्यावरूनच गेली, कारण तिला कापूस हवा होता. आता ती बंद आहे, आणि गावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. तुरीची आणि सोयाबीनची पोती ट्रकमध्ये चढतात. माल बदलला, वाहन बदलले, अडतीची गादी तीच राहिली. आमचीही एक गादी त्यांतच आहे.

या गावात कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा अजूनही सांगितली जाते. परमुलखातील एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला आणि एवढा माल घेणारा धनी या गावात कोठला, असे हिणवून बोलला. तेव्हा हवेली बांधत असलेल्या श्रेष्ठींनी सगळी कस्तुरी रोख विकत घेतली आणि भिंतीच्या गाऱ्यात कालवून टाकली. कथा घडलेली की रचलेली, याचा निवाडा मी करणार नाही. व्यापाऱ्याच्या घरातील स्त्री म्हणून मला ती कधी फारशी रुचली नाही, एवढे मात्र सांगते. रागाच्या भरात केलेला सौदा तो! मला त्याच कारंज्याची दुसरी खरेदी अधिक मोलाची वाटते. तिची दंतकथा झालेली नाही, पण तिचा लेखी पुरावा तीन मंदिरांत आजही जपलेला आहे.

काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तिन्ही परंपरांची मंदिरे एकाच गावात नांदतात, हे कारंज्याचे वैशिष्ट्य. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीवकाम पाहण्यास दुरून लोक येतात, आणि यावेच. पण या मंदिरांची खरी दौलत आहे ती शास्त्रभांडारांत. या पोथ्यांच्या अखेरीस प्रशस्ती असते. कोणत्या संवत्सरात, कोणत्या गावी, कोणत्या भट्टारकांच्या काळी, कोणत्या गोत्राच्या श्रावकाने किंवा श्राविकेने ही प्रत लिहवून घेतली आणि कोणाला दान दिली, हे तेथे नोंदलेले असते. व्रताच्या उद्यापनाच्या वेळी पोथी लिहवून देण्याचा प्रघात होता. हेतूही लिहिलेला असतो : ज्ञानावरणी कर्माच्या क्षयासाठी. जमाखर्चाची सवय असलेल्या समाजाने पुण्याचीही नोंद नाव-गाव-तिथीसह ठेवली, म्हणून आज इतिहासकारांना आपल्या घराण्यांची वंशावळ पोथ्यांतून लावता येते.

जुन्या पोथीत आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी असते. लिपिकाराचा हात चुकला, की त्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकत आणि त्यावर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. पोथीचे पान उजेडात धरले, की मधूनमधून ते पिवळे ठिपके दिसतात, आणि कोणी तरी माणूस येथे बसून, थांबून, सुधारून लिहीत होता याची साक्ष पटते.

सतराव्या शतकात शीलविजय नावाचे श्वेतांबर मुनी दक्षिणेच्या तीर्थयात्रेला निघाले. त्यांनी आपल्या तीर्थमालेत कारंज्याचा आणि येथील बघेरवाल श्रेष्ठी भोज संघवी यांच्या दानशीलतेचा गौरवाने उल्लेख केला आहे. श्वेतांबर साधूने दिगंबर श्रावकाची स्तुती मोकळ्या मनाने केली, हे आजच्या दिवसांत मुद्दाम आठवावे असे आहे. त्याच काळाच्या आगेमागे कारंज्याच्या भट्टारकपरंपरेत गंगादास, जिनसागर यांसारखे कवी मराठीत नव्या रचना करीत होते. म्हणजे त्या काळच्या श्रावकांनी जुनी शास्त्रे उतरवून घेतली आणि त्याबरोबरच आपल्या डोळ्यांदेखत वावरणाऱ्या कवीला आसरा देऊन, त्याच्याकडून नवे लिहवून, ते मंदिरात गावविलेही.

हे सारे मला नव्याने आठवले ते फार दूरच्या एका गावी. थोरला मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. त्याच्याकडे गेले असता एका रविवारी मिल्पिटासच्या जैन मंदिरात दर्शन घेतले. तेथे दोन्ही आम्नायांच्या प्रतिमा एकाच छताखाली आहेत. दुसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, “आई, डोंगरापलीकडे सांताक्रूझला संगीताचा उत्सव चालू आहे. चला, तालीम ऐकू या. तालमीला तिकीट नसते.” तिकीट नसते, हे ऐकून ह्यांनीही लगेच होकार दिला.

सांताक्रूझ म्हटले, की आपल्याला मुंबईचे लोकल स्थानक आठवते. नावाचा अर्थ दोन्हीकडे एकच, पवित्र क्रूस. मुंबईला ते पोर्तुगिजांकडून मिळाले, कॅलिफोर्नियाला स्पॅनिशांकडून. सॅन होजेहून सुमारे ५० किलोमीटरचा घाटरस्ता. दोन्ही बाजूंना रेडवूडची प्रचंड झाडे, आणि घाट उतरला की प्रशांत महासागर. गाव मोठे नाही. समुद्रकाठी १९०७ पासूनची जत्रेसारखी करमणुकीची जागा आहे, तेथे पाळणे फिरत असतात आणि मुले ओरडत असतात. अशा गावात, दर वर्षी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे आपल्या चातुर्मासात, काब्रिलो समकालीन संगीत महोत्सव भरतो.

या उत्सवाचे वेगळेपण समजण्यास पाश्चात्त्य अभिजात संगीताची एक रीत माहीत असावी लागते. आपल्याकडे गवई राग मांडतो. बंदिश जुनी असली तरी विस्तार त्या क्षणी त्याचा स्वतःचा असतो. त्यांच्याकडे रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहितो, आणि साठ-सत्तर वादक तो कागद समोर ठेवून, संचालकाच्या हातवाऱ्याप्रमाणे वाजवतात. त्यामुळे रचनाकार मरण पावला तरी त्याचे संगीत जसेच्या तसे उरते. हा मोठा लाभ आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की मोठमोठे वाद्यवृंद मुख्यतः मोझार्ट, बेथोव्हन अशा दिवंगतांचेच संगीत वाजवीत राहिले. लोक त्यासाठीच तिकीट काढतात. आज लिहिणाऱ्याला जागा मिळते ती कार्यक्रमाच्या आरंभी, दहा-बारा मिनिटांची, तीही लोक अजून खुर्च्या शोधत असताना. काब्रिलोने हा क्रम उलटा केला. येथे वाजते ते बहुतांशी हयात रचनाकारांचे, विशेषतः अमेरिकन रचनाकारांचे संगीत. कित्येक रचना तर तेथेच प्रथम वाजतात, आणि ज्याने त्या लिहिल्या तो सभागृहात बसलेला असतो.

उत्सवाचा आरंभ १९६३ चा. शेजारच्या ॲप्टॉस गावात ‘स्टिकी विकेट’ नावाचा एक कॉफीचा अड्डा होता. तेथे काही मंडळी जमून छोट्या मैफली करीत. त्यांत लू हॅरिसन हे रचनाकार होते. नोकरीत मन न रमणारा, नवनवी वाद्ये स्वतःच्या हातांनी घडविणारा, जावा बेटावरील गामेलान वाद्यवृंदाच्या प्रेमात पडलेला हा मनुष्य. या मैफलींतूनच जवळच्या काब्रिलो महाविद्यालयात उत्सव भरविण्याची कल्पना निघाली, आणि त्या महाविद्यालयाचे नाव उत्सवाला मिळाले. पहिले संगीत संचालक गेरहार्ड सॅम्युएल. नंतर मेक्सिकोचे थोर रचनाकार कार्लोस चावेझ, मग १९७४ पासून डेनिस रसेल डेव्हिस. १९९२ ते २०१६ अशी पंचवीस वर्षे ही धुरा मॅरिन ऑलसॉप या बाईंनी वाहिली. एरवी वाद्यवृंदाच्या संचालकाची छडी स्त्रीच्या हाती देण्यास पाश्चात्त्य जग फार कचरत असे. ऑलसॉप बाई पुढे बाल्टिमोरच्या वाद्यवृंदाच्या प्रमुख झाल्या; अमेरिकेतील एखाद्या प्रमुख वाद्यवृंदाचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०१७ पासून क्रिस्तियान माचेलारू यांनी काब्रिलोचे काम हाती घेतले.

मधल्या काळात एक मोठे संकटही आले. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू सांताक्रूझजवळच्या डोंगरात होता. गावाची जुनी पेठ कोसळली. व्यापाऱ्यांनी तंबूंत दुकाने लावून दिवस काढले. पेठ पुन्हा उभी राहिली, उत्सवही राहिला. भुजच्या भूकंपानंतर आपल्या कच्छी बांधवांनी जे केले, ते आठवावे.

तालीम सिव्हिक ऑडिटोरियम नावाच्या सभागृहात होती. इमारतीत काही विशेष नाही; आपल्याकडील नगरपालिकेच्या टाउन हॉलची आठवण यावी अशी. आत शे-दीडशे श्रोते, बहुतेक माझ्या वयाचे, काही विणकाम करीत बसलेले. वाद्यवृंद एक नवी रचना वाजवीत होता. खरे सांगायचे, तर पहिली पाच मिनिटे माझ्या कानाला काही धरता येईना. स्वर एकमेकांवर घासत होते. ढोल एकदम गर्जे आणि मग बराच वेळ एकटी बासरी. तेवढ्यात संचालकांनी हात थांबवला, मागे वळून श्रोत्यांमध्ये बसलेल्या एका तरुणीला काही विचारले. ती उठली. साधी विजार, पाठीला पिशवी. मला वाटले होते ती कोणी विद्यार्थिनी असेल. रचना तिची होती! ती म्हणाली, तेथे पितळी वाद्ये थोडी मागे राहावीत, बासरीचा श्वास ऐकू यावा. साठ माणसांनी पेन्सिली उचलल्या आणि आपापल्या कागदावर खूण केली. पुन्हा तोच भाग वाजला, आणि या वेळी मला बासरीमागचा वाऱ्याचा आवाज खरोखरच ऐकू आला.

माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी हरताळाचे ठिपके आले. बेथोव्हनला कोणी असे विचारू शकत नाही. ज्याला विचारता येते त्याच्या हयातीत विचारून घेणे, आणि त्याने सांगितलेले कागदावर उतरवून ठेवणे, हे काम त्या सभागृहात माझ्यासमोर चालले होते.

मध्यंतरात एका वृद्ध बाईंशी सूनबाईने ओळख काढली. त्यांच्या घरी त्या पंधरवड्यात एक व्हायोलिनवादक उतरला होता. या वाद्यवृंदातील वादक देशभरातून येतात, आणि गावातील कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात. कोणी खोली देते, कोणी सायकल, कोणी सकाळचा नाश्ता. पर्युषणात बाहेरगावच्या पंडितजींना उतरवून घेण्याची आणि घरोघर पाळीने शुद्ध भोजन देण्याची आपली पद्धत मी त्या बाईंना सूनबाईमार्फत सांगितली. त्यांना फार गंमत वाटली. तिकिटांच्या पैशातून असा उत्सव भागत नाही, हे त्यांनीच सांगितले. उरलेला भार देणगीदार उचलतात आणि त्यांची नावे कार्यक्रमपुस्तिकेच्या अखेरीस छापलेली असतात. मी पुस्तिका उलटून पाहिली. खरोखरच प्रशस्ती होती ती! एखाद्या नव्या रचनेचा खर्च एका धन्याला जड जाणार असेल, तर तिकडे दोन-चार वाद्यवृंद मिळून पैसे घालतात आणि प्रत्येकजण आपापल्या गावी ती वाजवतो. ही भागीदारी आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणी विचारील, की अमेरिकेच्या या नव्या संगीताशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्यातल्याच एका व्यापारी घराण्यातून आलेला आहे. अहमदाबादच्या साराभाई या जैन गिरणीमालक घराण्यातील गीताबेन साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर काय परिणाम होतो आहे, हे त्यांना समजून घ्यायचे होते. तेथे त्यांची गाठ जॉन केज या तरुण रचनाकाराशी पडली. लू हॅरिसन यांचे ते मित्र. केज यांनी शिकवणीचे पैसे घेतले नाहीत. तुम्ही मला भारतीय संगीत शिकवा, मी तुम्हाला पाश्चात्त्य शिकवतो, असा करार झाला. या रोकडाविना झालेल्या सौद्याने विसाव्या शतकाच्या संगीताला वळण दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. संगीत कशासाठी, असे केज यांनी एकदा विचारले. गीताबेननी आपल्या गुरूंचे मत सांगितले, की मनाला शांत आणि सावध करावे, म्हणजे दिव्याचा स्पर्श होण्यास ते पात्र होते. केज यांनी हे उत्तर आयुष्यभर जपले आणि पुनःपुन्हा सांगितले. त्यांची पियानोवरील प्रसिद्ध रचनामाला, जिच्यासाठी पियानोच्या तारांत खिळे, पेच आणि रबराचे तुकडे बसवावे लागतात, ती आपल्या रससिद्धान्ताच्या चिंतनातून १९४६ ते १९४८ या काळात तयार झाली. पुढे १९५२ मध्ये त्यांनी अशी एक रचना दिली, की वादकाने वाद्यासमोर बसावे आणि साडेचार मिनिटे काहीच वाजवू नये. श्रोत्यांनी आजूबाजूचे आवाज ऐकावेत. तिकडे पुष्कळांनी थट्टा केली. सामायिकाला बसणाऱ्या माणसाला त्यात थट्टेसारखे काही वाटू नये.

गोष्ट येथेच थांबत नाही. १९६९ मध्ये केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला. मूग सिंथेसायझर हे त्या काळचे अगदी नवे यंत्र तेथे बसले. गीताबेन आणि काही तरुण भारतीय रचनाकारांनी त्यावर १९७२ पर्यंत काम केले. मग स्टुडिओ बंद पडला, ध्वनिफिती कपाटात गेल्या, आणि चाळीसहून अधिक वर्षांनी एका संशोधकाला त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या. कपाटात पडून राहिलेल्या ठेव्याची ही हकिकत कारंजेकरांना ओळखीची वाटेल.

कारण कारंज्यातही तेच घडले होते. १९२० नंतरच्या दशकात प्राध्यापक हीरालाल जैन यांनी येथील भांडारे धुंडाळली, आणि ज्या अपभ्रंश भाषेचे वाङ्मय हाती लागत नाही म्हणून विद्वान हळहळत होते, तिचे मोठे ग्रंथ कारंज्याच्या वेष्टनांतून बाहेर आले. १९२६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची छापली गेली, तेव्हा कारंज्याचे नाव युरोपपर्यंत पोहोचले. मग कारंज्याच्याच चवरे घराण्याच्या दानातून अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ मध्ये पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्यांनी संपादून दिले, १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’ हीरालालजींनी. पहिल्यात पिठाचा कोंबडा बळी दिल्याने जन्मोजन्मी दुःख भोगणाऱ्या यशोधराची, आपल्या घरोघर माहीत असलेली कथा आहे. दुसऱ्यात नागकुमार काश्मीरच्या राजकन्येला वीणावादनाच्या स्पर्धेत जिंकतो. दोन्ही काव्ये कडवकांत बांधलेली, यमकांनी सांधलेली, गाण्याजोगी.

हा पुष्पदंत आज आपल्याला महाकवी म्हणून वंदनीय आहे. पण दहाव्या शतकात तो काय होता? राजदरबाराला विटलेला, कृश, फाटका, आणि स्वाभिमानाने ताठ असा एक परदेशी. थकून मान्यखेटाबाहेरच्या एका उद्यानात तो पडला होता. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला घरी नेले, स्नान-भोजन दिले, काही दिवस विसावू दिले आणि मग महापुराण लिहिण्याची विनंती केली. आदिपुराणाचा भाग झाल्यावर कवीचे मन पुन्हा उचटले. भरताने पुन्हा समजूत घातली. ९६५ मध्ये ग्रंथ पुरा झाला. भरतानंतर त्याचा पुत्र नन्न याने कवीला सांभाळले, आणि वर सांगितलेली दोन्ही काव्ये नन्नाच्या आश्रयाने लिहिली गेली. भरताच्या घरी कवीला कोणी विचारले नाही, की तुझे नाव आधीपासून प्रसिद्ध आहे काय. भरतापुढे होता तो एक हयात, हट्टी आणि रुसणारा माणूस. जुने कवी भरताला उपलब्ध नव्हते असे थोडेच होते?

आपला वाशिम जिल्हा या बाबतीत मुळातच भाग्यवान. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. ‘हरिविजय’ हे त्याचे प्राकृत काव्य आज लुप्त झाले असले, तरी अलंकारशास्त्रकारांनी त्याचे नाव राखले आहे. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाहच वत्सगुल्मात लावून दिला. आणि शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांपाशी, दृष्टी गेलेल्या भावविजय गणींनी नवे स्तोत्र रचले आणि त्यांना पुन्हा दिसू लागले, असे परंपरा सांगते. स्तोत्र रचले तेव्हा ते नवेच होते.

आता घरची गोष्ट. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी संगीताची पदवीधर. तिने बारा भावनांना नव्या चाली बांधण्याचे मनावर घेतले आहे. अनित्य भावनेला मारव्याची सावली, एकत्व भावनेला केवळ तानपुरा आणि एक आवाज, अशी तिची कल्पना. सहा चाली तयार आहेत. मागील वर्षी एका मंदिराच्या पंचकल्याणक महोत्सवासाठी तिने त्या देऊ केल्या. समितीने ऐकूनही घेतले नाही. संगीत पार्टी बाहेरगावाहून ठरलेली होती, आणि सलग पाच दिवस चित्रपटांतील गाण्यांच्या चालींवर भगवंतांची स्तवने झाली. ज्या चालीवर पडद्यावर नाच पाहिला, तीच चाल जन्मकल्याणकाला ऐकू येई. लोक नाचले, हे मी नाकारत नाही. पण त्या पार्टीला दिलेल्या मानधनाचा आकडा मला ठाऊक आहे, आणि मंडपाच्या रोषणाईचाही. त्यात बारा भावना दोनदा बांधून झाल्या असत्या.

नव्या चालीत भाविकांना सूर मिळवता येत नाही, असा समितीचा आक्षेप होता. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मलाही सांताक्रूझला पहिली पाच मिनिटे काही उमगले नव्हते. तेथील लोकांनी यावर काढलेला उपाय म्हणजे ती उघडी तालीम. दुपारी या, फुकट बसा, रचना तुकड्यातुकड्याने ऐका, रचनाकाराला प्रश्न विचारा. संध्याकाळी तीच रचना ओळखीची होऊन भेटते. आपल्या पाठशाळेत मुलांना नवी चाल महिनाभर आधी शिकविली, तर उत्सवाच्या दिवशी निम्मे मंदिर ती गाईल. मुले घरी गुणगुणतात, आया शिकतात.

अमेरिकेहून परतल्यावर मी ही हकिकत जेवणानंतरच्या बैठकीत सांगितली. मामंजी, वय वर्षे शहाऐंशी, नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी नातीला हाक मारली.

“बारा चालींना काय लागेल?”

ती गोंधळली. “आजोबा, पैशाचं मी काही…”

“तुझ्या मेहनतीचं विचारतोय मी. भाव सांगितल्याशिवाय माल ठेवायचा नसतो, बाई.”

तिने शेवटी कागद आणला. तबल्याला वाशिमचे एक गुरुजी, व्हायोलिनला अकोल्याचे एक वादक, तालमीचे चार दिवस, त्यांचे येणे-जाणे आणि जेवण. स्वतःच्या नावापुढे तिने काहीच लिहिले नव्हते. मामंजींनी तेथे आकडा घातला. किती, ते घरातच राहू द्यावे. ह्यांनी विचारले, खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, उत्सवाच्या की धर्मादायाच्या? मामंजी म्हणाले, “शास्त्रदान लिहा.” त्यावर माझ्या दिरांनी किंचित वाद घातला, की गाण्याला शास्त्रदान कसे म्हणता येईल. तो वाद अजून मिटलेला नाही. नोंद मात्र झाली आहे. सहा चाली या दशलक्षण पर्वात आमच्या घरच्या चैत्यालयात म्हटल्या जातील, आणि पाठशाळेच्या मुलांची तालीम आषाढापासून दर रविवारी चालेल. ज्यांना ऐकावीशी वाटेल त्यांनी यावे.

प्रवासी बंधु-भगिनींसाठी थोडेसे. कारंज्याला रेल्वेने यायचे, तर मूर्तिजापूरला उतरून पुढे एस.टी. किंवा खासगी वाहन घ्यावे. समृद्धी महामार्गावरूनही उतरता येते. तिन्ही मंदिरांचे दर्शन एका सकाळी होते. पोथ्या पाहावयाच्या असतील, तर व्यवस्थापकांना आधी कळवावे, आणि पान स्वतः उचलू नये. १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजे पुढील काळातील आचार्य समंतभद्र महाराजांनी, स्थापन केलेले महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुलही पाहावे. शिरपूर मालेगाव तालुक्यात, वाशिमहून जवळ आहे.

सांताक्रूझला जाणाऱ्यांनी सॅन होजेहून सकाळी लवकर निघावे; उन्हाळ्यात घाटात सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते. तालमींच्या वेळा उत्सवापूर्वी जाहीर होतात. समुद्रावरून गार वारा येतो, शाल जवळ असू द्यावी. ऑगस्टच्या आरंभी तेथे सूर्यास्त आठनंतर होतो. घरून नेलेली ठेपली आणि खाकरे सायंकाळच्या कार्यक्रमाआधी सावकाश खाऊन होतात, चौविहार मोडत नाही.